साक्षीदार ‘अ’ हिला स्वतःच्या मुलाची भेट मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
साक्षीदार संरक्षण कक्ष, जिल्हा पुणे.

अर्जदार : अंबाबाई सोमाजी केंगले, राहणार शिनोलीच्या वरच्या अंगाची वाडी, ता. आंबेगाव.

विषय : अर्जदाराचे पोलीस संरक्षण काढून घेऊन आरोपी गोकुळ सोमाजी केंगले याची एकवार भेट मिळणेबाबत.

संदर्भ : दहशतवाद प्रतिबंधक कायद्याखाली अर्जदाराचे नाव गुप्त ठेवण्याचा आदेश.

महोदय,

अर्जदार अंबाबाई हिला लिहिता येत नाही. तिने जे सांगितले ते वाडीतील अंगणवाडी सेविका अश्विनी हिने उतरवून घेतले असून ते आपल्या चरणी सादर आहे.

१. गोकुळ हा अर्जदाराचा एकुलता मुलगा. नवरा सोमाजी वारल्यापासून भाताची खाचरे तोच पाहत आला. यंदा आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बिबट्याने गोठ्याचे दार उचकटून शेळी नेली. पुढे तर तो भरदिवसा बांधावर, सून रुपाली हिच्यासमोर येऊन बसला. तेव्हा गोकुळने आवाजाची नळी बनविली. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाईडचा खडा, त्यावर पाण्याचा शिंतोडा आणि गॅसचा लायटर. गोळी नाही, छर्रा नाही. निघतो तो निव्वळ आवाज. राजुरी-बोरीकडे बागायतदार डुकरे हाकलायला असल्या नळ्या वाजवतात.

२. बोरी बुद्रुकच्या साडूने मागितली म्हणून गोकुळ दोन नळ्या आणि कार्बाईडचा डबा मोटारसायकलला बांधून निघाला. वाटेत एका सभेचा बंदोबस्त होता. पोलिसांनी विचारले, “हे काय आहे?” पोरगा जात्याच थट्टेखोर. हसत म्हणाला, “बॉम्ब हाय साहेब, बिबट्यासाठी.” या वाक्यातला बिबट्या कागदावर आलाच नाही. गोकुळला तिथेच धरले आणि साधे कलम न लावता हा मोठा कायदा लावला. त्यात जामीन सहजी होत नाही, असे वकील सांगतात.

३. दुसऱ्या दिवशी झडतीसाठी गाड्या वाडीवर आल्या. घरातली तिसरी नळी पाहून साहेब लोक लांबच उभे राहिले. त्यांची भीती पाहून अर्जदारास वाटले, एकदा यांना वाजवून दाखविली की यांचा गैरसमज फिटेल आणि पोरगा संध्याकाळी घरी येईल. ती म्हणाली, “आवो, याला भ्यायचं काय? ह्ये बगा.” आणि तिने अंगणातच नळी वाजविली. डोंगराने आवाज परत दिला. सगळे पोलीस गाडीमागे आडवे झाले. अर्जदारास हसू आवरेना. त्या हसण्याची आज तिला लाज वाटते.

४. मोठे साहेब कपडे झटकीत उठले आणि फार गोड बोलले. “आजी, ही कुणी बनवली?” “माज्या गोकुळनं. लई डोकं चालतं त्याचं.” “आवाज किती लांब जातो?” “समदी वाडी हादरती बगा.” “हे कोर्टात सांगाल?” “सांगंन की! खरं सांगायला कशाला भ्यायचं?” अर्जदाराने आनंदाने अंगठा दिला. मुलाच्या बाजूनेच साक्ष देत आहोत, अशी तिची समजूत होती. पुढे वकिलांनी जबाब वाचून दाखविला, त्यात लिहिले होते, ‘साक्षीदार अ हिने स्फोटकाची परिणामकारकता प्रत्यक्ष सिद्ध केली.’

५. आरोपीपासून साक्षीदाराच्या जिवाला धोका आहे, असे ठरून तिला संरक्षण मिळाले. शिपाई रामनाथ ओट्यावर बसतो. पोरगा गुणाचा आहे, वरईचा भात आवडीने खातो, सरपणाला हातही लावतो. परवा दिवेलागणीला बिबट्या पुन्हा अंगणात आला, तेव्हा तो बंदूक घेऊन अर्जदाराच्या आधी घरात शिरला आणि आतून म्हणाला, “आजी, ती नळी असती तर बरं झालं असतं.” त्याच्यावर काही कारवाई होऊ नये, ही वेगळी विनंती.

६. अर्जदार तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आली. साक्षीदाराला आरोपीस भेटता येत नाही, म्हणून दारावरून परतविण्यात आले. रामनाथनेच हात धरून एसटीत बसविले. रुपालीला मात्र जाळीतून भेट मिळते. आरोपपत्रात साक्षीदाराचे नाव झाकले आहे, नळी वाजविल्याचे मात्र लिहिले आहे. पण अंगणात नळी वाजविणारी घरात दुसरी कोण, हे गोकुळला कळायला वेळ लागला नाही. मागल्या भेटीत त्याने रुपालीला विचारले, “आई माझ्यावर का उलटली?” रुपाली बोलू गेली, तर जवळच्या शिपायाने साक्षीबद्दल बोलायचे नाही म्हणून भेट थांबविली. घरी येऊन तिने अर्जदारास हे सांगितले. अर्जदाराने साक्ष फिरविली तर ती खोटी ठरून तिच्यावर गुन्हा होतो. दिली तर मुलगा अडकतो. गप्प राहिली तर आई उलटली, हेच खरे होते.

७. या अर्जावर नाव घातल्यास गुप्ततेचा आदेश मोडेल, अशी ताकीद वकिलांनी दिली. अश्विनीने ‘साक्षीदार अ’ एवढेच लिहिले होते. अर्जदाराने ते खोडावयास लावले. ती म्हणाली, “माज्या आईबापानं मला नाव दिलंय. पोराला भेटायचं तर त्या नावानं भेटंन.” त्याबद्दल होईल ती शिक्षा तिला मान्य आहे.

तरी मधे पोलीस उभे करून, हवे तर अर्जदाराचे हात बांधून, एकवार भेट द्यावी. तेही कायद्यात बसत नसेल, तर आपल्या कोणाही माणसाने गोकुळच्या कोठडीपाशी जाऊन, अर्जदाराच्या शब्दांत, एवढेच त्याच्या कानावर घालावे :

“गोकुळ, मी तुला सोडवाया गेले व्हते रं.”

आपली, संरक्षण नको असलेली,
अंबाबाई सोमाजी केंगले
(डाव्या हाताचा अंगठा)

दि. १४ डिसेंबर २०२५
अंगठा समक्ष घेतला : अश्विनी, अंगणवाडी सेविका