दीड वाजताची फरशी

लातूर,
११ जून

प्रिय तनुजा,

तुझं पत्र मिळालं. नांदेडला मावशीकडे राहतेस, कॉलेजचा फॉर्म भरलास, चप्पल घालून जिना चढता येतो, हे वाचलं. शेवटच्या चार ओळी पुन्हा वाचल्या आणि पत्र घडी करून ठेवलं. त्याला आठ दिवस झाले.

नाचाचा वर्ग बंद आहे. मुलींना सुट्टी सांगितली. परत कधी यायचं ते सांगितलं नाही. तुझे घुंगरू खिळ्यालाच आहेत.

नाट्यगृहातले आपले कार्यक्रम आठवत असतील. आईबाप आपापल्या मुलीचा नाच पाहायचे आणि उठून जायचे. तुझा नंबर शेवटचा. तोवर समोर तुझ्या आई सिंधुताई एकट्या, रेणापूरच्या एसटीची वेळ पाहत. दहा वर्षं मी रिकाम्या खुर्च्यांसमोर तालाची काठी वाजवली. म्हणून धान्यबाजार, मोंढा निवडला. ज्यांनी नाचाचं तिकीट कधी काढलं नाही, त्यांच्यात जाऊन नाचायचं. तुला ते माझ्याहून जास्त पटलं होतं.

तालीम आपण सकाळी सातला केली. सौद्याच्या ओट्यावरची शहाबादी फरशी तेव्हा गार होती. कार्यक्रम नऊचा. पण त्या दिवशी हरभऱ्याचा सौदा लांबला आणि ओटा मोकळा व्हायला दीड वाजला. एप्रिलमधला दीड. पत्र्याच्या सावलीत पोती रचलेली. उरलेल्या जागेत सतरंजी टाकून मी बसले, पुढ्यात पाट आणि काठी. तू उन्हात. नाचण्याआधी जमिनीला हात लावून क्षमा मागायची, कारण आता तिच्यावर पाय आपटायचे असतात. तू हात लावलास आणि झटकन मागे घेतलास. मी ते पाहिलं.

मग तू पाय भराभर उचलू लागलीस. मी काठी सावकाश मारली, जोरात. तू लयीत परत आलीस. शिकवलं होतं तसा पूर्ण तळवा टेकवून नाचलीस. तीनेकशे माणसं उभी होती. इतकी माणसं आपल्यासमोर कधीच थांबली नव्हती.

सलीमभाई हमाल पाठीवरचं पोतं टाकून पुढे आले. "बाई, बंद करा. पोरीचे पाय भाजून राहिले." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नाच पाहिला होता. हमालांच्या प्यायच्या पाण्याचा माठ त्यांनीच तुझ्या पायांवर ओतला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालेल ती. नाचाचं मी विचारलं नाही. बाहेर सिंधुताईंनी माझा हात धरला. "पोरगी काही बोलली न्हाई का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. दार उघडं होतं. तू पलंगावरून माझ्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटलेस.

आता तू लिहितेस की तू फार हळू बोलली असशील, मला ऐकू गेलं नसेल, तुझ्यामुळे कार्यक्रम बिघडला, माफ करा. तनुजा, तू हळू बोलली नव्हतीस. दुसऱ्या फेरीत माझ्यासमोरून जाताना तू म्हणालीस, "मॅडम, पाय." मला स्पष्ट ऐकू आलं. मी गर्दीकडे पाहिलं आणि काठी मारली. हे पत्र सिंधुताईंना वाचून दाखव.

तुझीच,
उमादेवी