अदलाबदलीचा मॅक्रो

पांढुर्णा
२४ फेब्रुवारी २०२६

चि. अश्विनीस श्रीधर सरांचा आशीर्वाद.

तुझी मैत्रीण छाया बाजारात भेटली. रामाकोन्याला तुझी शिकवणी चांगली चालते म्हणाली. इकडे आम्ही ठीक. तुझ्या रजनीकाकूंचा गुडघा अजून आखडतो. मृगाची संत्री उतरायला लागली आहेत. जिल्हा झाल्यापासून सभा वाढल्या, आणि सभा म्हटली की मला बोलावणं येतंच.

हे कळवायला मी बसलो नव्हतो.

नोव्हेंबरात तिगावला गुणवंताच्या शेडमध्ये आपलं संत्री निवडायचं यंत्र शेतकऱ्यांसमोर चालवलं आणि लिंबाएवढी फळं मोठ्या फळांच्या क्रेटमध्ये जाऊन पडली. लोक हसले. माइक माझ्या हातात होता. आळस माणसाला कुठे नेतो ते बघा, असं म्हणून मी तुझ्याकडे बोट दाखवलं आणि वीस मिनिटं बोललो. गुणवंताने तुला त्याच दिवशी कामावरून काढलं.

तू आदल्या दिवशीच म्हणाली होतीस, "सर, वजनाची अदलाबदल होऊनच नाही राहिली. तुमच्या मॅक्रोत पाहू का?"

"तो दहा वर्षं चालतो आहे. तू तुझं बघ," मी म्हणालो.

चूक सापडली. सोमवारी, कंपायलरचे सगळे इशारे चालू केले तेव्हा. पत्र तुझे वडील नत्थूजीही वाचतील, म्हणून सोपं लिहितो. कंपायलर म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा; काही खटकलं तर तो इशारा देतो. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेला मजकूर. प्रोग्रॅममध्ये जिथे त्याचं नाव येतं तिथे तो जसाच्या तसा चिकटतो. वजनं लहान-मोठी लावताना दोन वजनांची जागा बदलायला मध्ये एक रिकामं भांडं लागतं. माझ्या मॅक्रोत त्याचं नाव 'तात्पुरता' होतं. तुझ्या एका वजनाचं नावही तेच. माझ्या तात्पुरत्याने तुझा तात्पुरता झाकला आणि वजनं होती तिथेच राहिली. कंपायलर गप्प बसला, कारण इशारे बंद ठेवायला मीच शिकवलं होतं. इशारे घाबरटांसाठी असतात, हे वाक्य माझं.

आणि तुला ते नाव कोणी दिलं? पहिल्याच तासाला टेबलावर हात आपटून मी सांगितलं होतं: नावं आपल्या भाषेत ठेवा, थोडा वेळ जपायच्या आकड्याला तात्पुरताच म्हणा. बाकीचे माझी पाठ वळली की इंग्रजीतलं 'टेंप' लिहीत. त्यांचं कधी अडलं नाही. माझं ऐकलंस ते तू एकटीने.

भाषेवरचा माझा विश्वास आजही तेवढाच आहे. पण मॅक्रोच्या पोटातलं नाव दुसरं कोणी चुकूनही ठेवणार नाही असं हवं, ही काळजी माझी होती. खरं तर तिथे मॅक्रो नकोच होता. साधं फंक्शन पुरे. त्याच्या आतली नावं बाहेरच्यांना भिडत नाहीत.

सोमवारी सापडली हे खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. मला संक्रांतीआधीच कळलं होतं. गुपचूप फंक्शन लिहून यंत्र सुरू केलं. गुणवंताने शाल दिली, मी घेतली. सव्वीस जानेवारीला पटांगणात खरेपणावर पाऊण तास बोललो. नत्थूजी समोरच बसले होते. नंतर जवळ येऊन म्हणाले, "पोरीचं चुकलं असंन, सर. तिले एक मौका द्या." मी त्यांना चहा पाजला. तुझे वडील माझ्यासमोर हात जोडून उभे होते आणि मी त्यांना चहा पाजला.

काल गुणवंताला सगळं सांगून शाल परत केली. रविवारी सकाळी त्याच शेडमध्ये सभा आहे. फळ्यावर माझा मॅक्रो लिहीन, खाली तुझी ओळ, आणि आज इथे लिहिलं ते सगळं सांगेन, संक्रांतीपासूनचंही. तू माफ करायला येऊ नकोस. मला बोलता फार येतं. त्या बोलण्यात एखादी ओळ गाळली गेली, तर उठून सांगायला ये.

यंत्राच्या वहीत त्या दिवसापुढे 'दोष: अश्विनी' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ते मी सगळ्यांसमोर बदलणार आहे. आधी इथे लिहून बघतो.

दोष: श्रीधर