केंकेचा सामू

बाई, आज मी केंके खाल्ला. मक्याचं पीठ आंबवून, कणसाच्या पात्यांत गुंडाळून उकडलेला घानाचा हा गोळा तुम्ही आधी नाकाजवळ नेला असतात आणि लगेच तोंडात टाकला असतात. मी मात्र सहा वर्षं इथे आखातात, रास अल खोरच्या आमच्या अन्नतपासणी प्रयोगशाळेत त्याचे नमुने तपासत आले. त्याचा सामू, म्हणजे आंबटपणाचा आकडा, मला तोंडपाठ होता, चव माहीत नव्हती. कॉलेजात असताना एका रविवारी तुम्ही आम्हा चार विद्यार्थिनींना तुमच्या स्वयंपाकघरात नाचणीची आंबील शिकवली होती. ओट्याशी उभी राहून मी ती जास्त आंबल्याचं, तीत गुठळ्या राहिल्याचं आणि रंग उतरल्याचं सांगितलं. तुम्ही माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलंत. ती भरलेलीच होती. "तुला तपासता येतं गं, चाखता येत नाही," एवढंच म्हणालात. ते वाक्य मला अन्यायाचं वाटलं, आणि तुम्ही गेल्यानंतरही कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं.

आमच्याकडे नमुने स्वीकारायच्या खिडकीवर घानाची एक सहकारी बसते, साधारण माझ्याच वयाची. पँट्रीत डबा उघडला की समोरून जो जाईल त्याला ती म्हणते, "यू आर इन्व्हायटेड." आपल्याकडे 'या जेवायला' म्हणतात, तशी त्यांच्याकडे ही रीतच आहे. मी दर वेळी मान किंचित झुकवून "माझं झालंय" म्हणायची आणि डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये एकटी जेवायची. गेल्या महिन्यात तिने शितोची बाटली उघडली. शितो म्हणजे सुके मासे, जवळा आणि मिरची तेलात काळी होईपर्यंत परतून केलेली चटणी. त्या वासाने मी दारातच थबकले, आणि जागेवर येऊन विभागप्रमुख असूनही खाली नाव न घालता, ऑफिसच्या सामाईक पत्त्यावरून सर्वांना मेल पाठवला, की उग्र वासाचे पदार्थ पँट्रीत उघडू नयेत. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाजूला, माल उतरवतात त्या पायरीवर जेवू लागली. दुपारी एक वाजता आपल्याला कोणीही जेवायला बोलावत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मुलगी टोरांटोहून "ऑल गुड, आई?" एवढंच लिहिते, मीही "ऑल गुड" लिहिते. जेवलीस का, हे विचारणारं कोणी या शहरात नाही.

आज मी डबा घेऊन त्या पायरीवर जाते. ती वर बघते, पुन्हा मान खाली घालून खात राहते. बोलावत नाही. मी झाकण उघडते आणि तिचंच वाक्य तिला म्हणते. आमचं बोलणं इंग्रजीतलं, तुमच्यासाठी मराठीत लिहिते आहे.

"मॅडम, तो मेल तुमचा होता ना?"

"हो."

"खाली नाव नव्हतं. पण तीन कलमं होती आणि एकही चूक नव्हती. इथे असं दुसरं कोण लिहितं?"

"चुकलं माझं," मी म्हणते. ती हातातला घास संपवते. मग सरकून जागा करते. "खलास," इथल्या सगळ्यांसारखं ती अरबीत म्हणते, म्हणजे विषय संपला. "बसा, तिथे ऊन येतं."

माझ्या डब्यातली चवळीची उसळ तिने बोटावर घेऊन चाखली. "हे तर आमचं रेड रेड. फक्त लाजतंय." त्यांच्याकडे चवळी लालभडक पाम तेलात शिजते आणि सोबत राजेळीसारखी जाड, पिकलेली केळी तळून घेतात. मग तिने माझी परीक्षाच घेतली. ज्वारीच्या पात्यांसोबत शिजवून तांबूस केलेला चवळीभात, म्हणजे वाच्ये, खाल्लाय का? आंबवलेल्या पिठाचाच मऊसर गोळा, बांकू? शेंगदाण्याच्या सुपातला, कुटलेल्या कंदाचा फुफू, जो चावायचा नसतो, नुसता गिळायचा असतो?

"सगळ्यांचे रिपोर्ट लिहिलेत," मी म्हणाले.

"रिपोर्टात मिरची लागते का, मॅडम?"

तिने केंकेचा तुकडा मोडला, शितोत बुडवला आणि माझ्या हातावर ठेवला. आधी आंबट लागला, थेट तुमच्या आंबिलीसारखा; मग मक्याचा गोडवा, ओल्या पात्यांचा वास, आणि सर्वांत शेवटी ती काळी, खारी, तिखट चटणी, जी घशाखाली उतरली तरी जिभेवरून जाईना. "केंकेत मीठ कमी आहे," मी म्हणाले. "झालं, शेवटी तपासलंच," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला. रविवारी तिने मला फुफू खायला घरी बोलावलं आहे. येताना तुमच्या घरचं काहीतरी आणा, असंही बजावलं आहे.

बाई, शितोच्या वासाने मी दारात थबकले ती तो वास अनोळखी होता म्हणून नव्हे. कॉलेजात मी स्टाफरूमवरून जाताना दिसले की तुम्ही रोज डबा उघडून म्हणायचात, "ये गं जेवायला." तुमच्या डब्यात बहुतेक चवळीची उसळ असे. मी "माझं झालंय, बाई" म्हणून जिन्याखाली जाऊन जेवायची. माझं कधीच झालेलं नसायचं. माझ्या डब्यात आत्याने परतलेली सुकट असायची, तोच सुक्या जवळ्याचा वास. तुम्ही नाक मुरडलं असतंत की बोट बुडवलं असतंत, एवढी एकच गोष्ट मी कधी तपासली नाही. तुमच्या जुन्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही, म्हणून हे पत्र इथेच राहील, आणि त्यात एवढंही लिहून ठेवते, की आज पायरीवर मी जे पुढे केलं ते तुमच्या डब्यातलं होतं. सुकट मी आजही नेली नव्हती.