पाळणाघरातली सातवी पट्टी

वय सव्वीस, मालमत्ता जेमतेम एक कपाट, आणि तरीही मी मृत्युपत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल वाचणाऱ्यांनी आधी क्षमा करावी. धाकटी बहीण खाटेशेजारी बसून म्हणतेच आहे, "ताई, अपेंडिक्सला कुणी मृत्युपत्र लिहितं का? डॉक्टर हसतील!" हसोत. मी शुद्धीवर असून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बुद्धी स्थिर आहे, असे मात्र आज छातीठोकपणे लिहवत नाही.

१. इमारतीतील ऊन, वारा व उष्णता यांवरील टिपणांच्या अकरा वह्या बहिणीस. ती वाचणार नाही, हे ठाऊक आहे. रद्दीत तरी घालू नये.

२. भिंतीचे तापमान दाखवणारा कॅमेरा बाबांस. ते गवंडी. मी फटी लिंपायला सांगायची आणि ते म्हणायचे, "अगं, घर आहे की बरणी?" कोण बरोबर, हे मला अजून कळलेले नाही.

३. भर बैठकीत मला 'पुस्तकी किडा' म्हणणाऱ्या सहकाऱ्यास काहीही देऊ नये. त्याला द्यायचे उत्तर मला घरी गेल्यावर सुचले. ते माझ्याबरोबरच जाईल.

४. सल्लागाराचा शिक्का सरांस परत. कमीत कमी विजेत घर सुखाचे कसे ठेवावे, हे त्यांनी मला तीन वर्षे शिकवले. ते म्हणत, "नकाशा मंजूर झाला म्हणून आपण सुटत नाही, बाई. माणूस तिथं नीट झोपला की सुटलो."

सर, मी सुटले की नाही, तेच कळत नाही. गुरुवारी पाळणाघराची हवाबंदपणाची चाचणी घेतली. दारात पंखा बसवून फटी शोधण्यापूर्वी ताजी हवा आणणारी छतातली सातही तोंडे चिकटपट्टीने बंद केली. ज्याने पट्ट्या लावल्या, त्यानेच त्या काढायच्या, हा आपला नियम. सहा काढल्याचे डोळ्यांपुढे दिसते. सातवी, बाळांच्या झोपायच्या खोलीतली, दिसत नाही; पोटात पहिली कळ तेव्हाच आली होती. वहीत सातांपुढेही 'काढली' असे आहे. पण ते मी, अक्षर नीट यावे म्हणून, चाचणीआधीच लिहून ठेवले होते. शाळेत प्रयोगवहीतली निरीक्षणेही मी प्रयोगाआधीच लिहीत असे, आणि पहिली येत असे. सबब या वहीवर कोणी विसंबू नये.

सोमवारी पाळणाघर सुरू होईल आणि त्या खोलीत बारा बाळे झोपतील, खिडक्या मिटून.

५. ही पट्टी कोणाच्या नावे करावी, असे बहिणीला विचारले. ती ओरडलीच, "अगं, वारस कसला शोधतेस? फोन कर ना!" फोनवर मला शब्द फुटत नाहीत. म्हणून एवढेच: मृत्युपत्र मागाहून उघडतात, हे आत्ताच उघडावे. बाकीची कलमे राहू द्यावीत. छत पांढरे, पट्टीही पांढरी. नुसत्या नजरेने दिसणार नाही. स्टुलावर चढून डाव्या कोपऱ्यात हात लावून पाहावे. पट्टी निघाली, तर चूक माझ्या एकटीच्या नावे लिहावी. तिची वाटणी करू नये.

साक्षीदार: १. धाकटी बहीण (लाभार्थी साक्षीदार चालतो का, ठाऊक नाही). २. शेजारच्या खाटेवरच्या काकू. त्या म्हणाल्या, "चष्मा नाही गं, पण सही करते."

स्वाक्षरी: थोरली मुलगी. रुग्णालय, खाट क्रमांक नऊ.

सर आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाई, दोघांनाही पाठवले: शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.