नऊ वाजून पन्नास मिनिटं

बर्नली, लँकेशायर
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस मेघनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र परवा पोचलं. पाकिटावर तुम्ही इंग्लंड हा शब्द दोनदा लिहिलाय, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. इथल्या पोस्टमनला मराठी शिकवायचा तुमचा विचार दिसतो. मागाच्या आवाजाने तुमचे कान गेले, त्यामुळे फोनवर बोलता येत नाही, याचं मला पूर्वी फार वाईट वाटायचं. आता तितकं वाटत नाही. त्यामुळेच तर माझ्या उशाशी तुमच्या अक्षराची थप्पी जमली आहे.

आठवडाभर इथे बर्फ पडतो आहे. लहानपणी आईबरोबर तुमचा डबा द्यायला मी भिवंडीला आले होते, तेव्हा शेडच्या दारातून कापसाचे तंतू तरंगताना दिसले होते आणि खडखडाटात आईचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. इथे तसेच पांढरे तंतू आहेत, पण आवाज नाही. सकाळी पहिल्या घराकडे चालत जाताना वाटतं की कुणीतरी सगळे माग बंद केलेत आणि कापूस तेवढा उडायचा राहिलाय.

एक गंमत सांगते. एजन्सीने म्हाताऱ्यांची घरोघरी सेवा करायला जी यादी दिली आहे, तिच्यात फ्रँक म्हणून एक आजोबा आहेत, वय श्याऐंशी. रोज नऊ वाजता त्यांना आंघोळ घालून कपडे चढवायचे आणि गोळ्या द्यायच्या. तेही पूर्वी मागावर होते आणि त्यांचेही कान गेलेत. पहिल्या दिवशी माझा हेल त्यांना कळेना, तेव्हा मी सवयीने तुमच्याशी बोलते तशी बोलले, आवाज न करता, ओठ मोठे करून. ते खुर्चीत सरळ झाले आणि तसंच आवाज न करता त्यांनी विचारलं की मी कुठल्या शेडमधली. इथल्या गिरण्यांत सगळे असेच बोलायचे म्हणे. तेव्हापासून आम्ही दोघं अर्धा तास गप्पा मारतो आणि घरात चिडीचूप असतं. त्यांच्या गिरण्या बंद झाल्या, माग बोटीत घालून कुठे कुठे पाठवले, असं ते सांगतात. कधी कधी वेळ विसरतात आणि पाळीचा भोंगा झाला का असं विचारतात. मी म्हणते, अजून थोडा वेळ आहे.

त्यांची मुलगी डेबी त्यांच्याजवळ राहते. माझ्या मनात मी तिला ताईच म्हणते. गोदामातली तिची नोकरी गेली, आता सरकारी भत्त्यावर आहे. ती मला चहा देते आणि चहाबरोबर ऐकवते की तुम्ही बाहेरचे आलात, आता आम्हाला कोण ठेवणार. पूर्वी ती हेच काम करायची. एका घरातून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचा पगार मिळत नाही म्हणून भांडली आणि सोडून गेली. मी भांडू शकत नाही, कारण एजन्सी आहे तोवर माझा व्हिसा आहे. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही, बाबा. समाजशास्त्राच्या पेपरात मला पासष्ट मार्क होते, तरी येत नाही.

टीव्हीवर एक माणूस सांगत असतो की भत्ता खाणारे आळशी आहेत, आणि दुसरा सांगतो की परके कामं पळवतात. ते आमच्या दोघींबद्दल बोलत असतात आणि आम्ही दोघी तिथेच आजोबांचा एकेक मोजा शोधत असतो. माझ्या व्हिसावर छापलंय की मला इथली कसलीही सरकारी मदत मिळणार नाही. आपल्याकडे असं काही होतं का हो, काम नसेल तर सरकारने द्यायचं?

आपला धाकटा प्रफुल्ल अजून माझ्याशी बोलत नाही. जानेवारीत मी त्याला लिहिलं होतं की तू ज्यांना भैये म्हणतोस, त्यांच्या जागी इथे मी आहे. त्याचं उत्तर नाही. त्याला मुद्दाम सांगू नका, पण त्याच्या नोकरीचं कळवा.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची मेघना

●

आंबिवली
२ मार्च २०२५

चि. मेघना हिस चांगदेवचे अ. उ. आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून दाखवायला कुणी लागलं नाही, अजून एवढं दिसतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू एप्रिलात काढणार आहेत.

तू विचारलंस म्हणून लिहितो. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या जालन्याकडे सरकारने खडी फोडायचं काम काढलं होतं. तुझी आजी जाईबाई आणि मी दिवसभर खडी फोडायचो आणि दुपारी सुकडी मिळायची. त्या सुकडीच्या पिठाची चव अजून जिभेवर आहे, स्वप्नातसुद्धा येते. गावातले विहीरवाले म्हणायचे, सरकारने यांना फुकट खायला शिकवलं. आमच्या हातांना फोड होते. तेव्हा भत्ता खाणारा कसा असतो हे मला ठाऊक आहे, टीव्हीवाल्याने सांगायला नको.

अठराव्या वर्षी मी भिवंडीला आलो आणि इथे आंबिवलीला खोली घेतली. तेव्हा इथले जुने गाववाले आम्हाला म्हणायचे, हे आले घाटावरून, आता आमच्या पोरांना कोण विचारतो. तेही बरोबरच बोलत होते. त्यांच्या पोरांना खरंच कुणी विचारलं नाही.

प्रफुल्लला डोंबिवलीच्या कंपनीतून कमी करून अडीच महिने झाले. ठेकेदाराने बिहारची माणसं आणली आहेत, बारा तासांची पाळी करतात. त्यांतले आठ-नऊजण आपल्या चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. प्रफुल्ल नाक्यावर बसतो. त्याने अर्ज टाइप करून आणलाय, की त्यांना शेडमधून काढावं. चाळीतला वडीलधारा म्हणून पहिली सही माझी हवी. मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा माझ्या नाकावर होता. पोरगा हसला, पण अर्ज त्याने कपाटात ठेवलाय.

तुझ्या म्हाताऱ्याला विचार, ते माग कुठे पाठवले. माझ्या मागावर लोखंडाची पट्टी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती. तीस वर्षं मी ती पुसली. वाचता कधी आली नाही.

कान झाकून हिंडत जा. इथून मायेने हात फिरवतो आहे असं समज,
बाबा

●

बर्नली
३० मार्च २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

सुकडीचं वाचून मी फ्रँक आजोबांना सांगितलं. त्यांनी ओठांनीच विचारलं, गोड असते का. मी म्हटलं, माझ्या वडिलांना विचारते.

आता जे लिहिते आहे ते प्रफुल्लला सांगू नका.

अकरा मार्चला, मंगळवारी, माझ्या आठ वाजताच्या घरी एक आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसले. त्या मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाका मारत होत्या. नऊच्या घरी, म्हणजे फ्रँक आजोबांकडे, मी नऊ पन्नासला पोचले. डेबीला त्या सकाळी जॉब सेंटरमध्ये हजर राहायचं होतं. आजोबांना एकटं सोडता येत नाही. तिची वेळ चुकली, आणि वेळ चुकली की भत्ता बंद, असा इथला नियम आहे.

तिने कारण सांगितलं की सेवा करणारी मुलगी उशिरा आली. त्यांनी आमच्या एजन्सीकडे विचारणा केली. एजन्सीने माझी नोंद पाठवली: मेघना, हजर, नऊ वाजता.

बाबा, ती नोंद मीच केली होती. पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगितलं होतं की फोनवर यादीतलीच वेळ टाकायची, पोचल्याची नाही. सगळ्या मुली तसंच करतात. मीही दीड वर्षं करते आहे, दात घासल्यासारखं. त्यात खोटं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता सरकारी कागदावर डेबी खोटारडी ठरली आहे.

ती आता चहाचा एकच कप काढते.

मी खरी वेळ लिहून दिली तर सगळ्यांच्याच नोंदींवर प्रश्न येईल, आणि एजन्सी मला ठेवणार नाही. मग साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत. रात्री मला स्वप्न पडतं की मी काळू नदीच्या पुलावर उभी आहे, पलीकडे बर्नली आहे, मध्ये मागावरच्या उभ्या धाग्यांचा लांबलचक ताणा ताणलाय, आणि मी त्यातला एक धागा बोटात धरला आहे. तो सोडायचा की नाही हेच ठरत नाही, आणि जाग येते.

काय करू असं मी तुम्हाला विचारत नाही. तुमच्यावर अशी वेळ कधी आली होती का, एवढंच विचारते.

तुमच्या डोळ्याची काळजी करणारी,
मेघना

●

बर्नली
१४ एप्रिल २०२५

ती. बाबांस जयंतीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट पाहिली, पण टपालाला दोन आठवडे लागतात आणि बंद झालेल्या भत्त्यासाठी डेबीने करायच्या अपिलाची मुदत आज संपत होती. आपल्या गल्लीत आज निळ्या पताका लागल्या असतील. मी इथे माझा निळा स्वेटर घातला.

सकाळी आजोबांचं सगळं आवरलं, शेजारच्या बाईंना त्यांच्याजवळ बसवलं आणि डेबीला म्हटलं, चला. तिने कोट चढवला आणि निघाली. जॉब सेंटरच्या खिडकीशी मी कागद मागितला आणि लिहून दिलं की अकरा मार्चला मी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी पोचले, नोंदीतली वेळ खरी नाही, आणि ती नोंद माझी आहे. खाली पूर्ण नाव लिहिलं, मेघना चांगदेव साळवे. खिडकीतल्या माणसाने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं की याचे परिणाम मला माहीत आहेत का. मी हो म्हटलं. खरं तर त्या क्षणी मला काहीच माहीत नव्हतं. कान बंद झाल्यासारखे झाले होते, तुमच्या शेडमध्ये झाले होते तसे.

परतताना डेबी माझ्यापुढे दहा पावलं भराभर चालत होती, रागावल्यासारखी. कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "मूर्ख पोरी, तू उद्या आली नाहीस तर माझ्या बापाशी बोलणार कोण?"

दुपारी एजन्सीचा निरोप आला. उद्यापासून माझं नाव यादीत नाही, चौकशी होईपर्यंत. मी संध्याकाळी पुन्हा फ्रँक आजोबांकडे गेले, कामाला नाही, अशीच. टेबलावर दोन कप होते. आजोबांनी विचारलं, भोंगा झाला का. मी ओठांनी म्हटलं, हो, पाळी सुटली. ते खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना तिथून काय दिसत होतं कोण जाणे, मला मात्र आंबिवलीचा सिग्नल दिसत होता.

मी घाबरलेली नाही असं लिहिणार होते. घाबरले आहे. पण झोप चांगली लागेल असं वाटतं.

तुमचा हात डोक्यावर असू द्या,
मेघना

●

आंबिवली
२० एप्रिल २०२५

चि. मेघना हिस अ. उ. आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं तीस मार्चचं पत्र मिळालं. प्रफुल्लला सांगू नका असं तू लिहिलंस, पण हे अक्षर त्याचंच आहे हे तू ओळखलंच असशील. माझ्या एका डोळ्याला पट्टी आहे आणि दुसरा अधू आहे. त्याने माझ्यासमोर बसून ओठ मोठे करत तुझं अख्खं पत्र वाचून दाखवलं. दोन ठिकाणी थांबला. आता मी बोलतो आहे आणि तो लिहितो आहे. मला नीट दिसत नाही आणि ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातंय.

तू विचारलंस, अशी वेळ आली होती का. आली होती.

माझ्या शेजारच्या मागावर नसीम होता, आझमगढचा. नऊ वर्षं आम्ही एकमेकांकडे बघून ओठांनी बोललो. तू चौथीत होतीस त्या साली त्याची तीन बोटं पट्ट्यात गेली. मुकादमाने संध्याकाळी हजेरीचा कागद आणला, त्यात त्या दिवशी नसीम गैरहजर होता, म्हणजे भरपाई द्यायला नको. मी साक्षीची सही करावी असं त्याचं म्हणणं होतं. नाही केली तर उद्या मीही नको. मी सही केली. नसीम गावी गेला. शेडच्या दारातून त्याने ओठ हलवून मला काहीतरी म्हटलं. मी तेव्हा मान खाली घातली होती, त्यामुळे ते काय होतं हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर माझं काम टिकलं. त्या पगारावर तू बी.ए. झालीस. आपल्या घरातली पहिली पदवी भिंतीवर लावली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला नसीम दिसत होता. हे मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

म्हणून काय करावं ते मी सांगणार नाही, मला तो हक्क नाही. एवढंच सांगतो की साठ दिवस मोजत बसू नकोस. तुझी लोखंडी कॉट माळ्यावर होती, ती खाली काढायला लावली आहे. खिडकीखाली बसते. राहिलीस तरी कॉट असू दे, आलीस तरी असू दे.

आणि तुझ्या म्हाताऱ्याला सांग, सुकडी गोड असायची.

नेहमीसारखीच माया राहू दे,
बाबा

ता. क. ताई, हे माझं, बाबांनी सांगितलेलं नाही. जानेवारीत मी रागात होतो, अजून थोडा आहे. नोकरी नाही लागलेली. ठेकेदाराचा राग गेलेला नाही, तो जाणारही नाही. कॉट एकट्याने उतरत नव्हती. मागच्या शेडमधल्या दोघांना हाक मारली, त्यांनी हात लावला, चहा पिऊन गेले.

घरात कोरा कागद नव्हता. मागे टाइप केलेलं आहे तो अर्ज आहे. खाली पहिल्या सहीची जागा रिकामी आहे. बाकी कुणाची अजून घेतली नव्हती. आता घेता येणार नाही, कागद तुझ्याकडे आलाय.

प्रफुल्ल