बघ्यानं बोलायचं नसतं

शनिवार, ८ फेब्रुवारी

हरले. हरल्याचं काही नाही, ते अंगवळणी पडलंय. पण ज्या माणसाच्या ताटाला ताट लावून जेवते, तोच—

नीट लिहिते. डोकं ठिकाणावर नाही.

डेपोतल्या बुद्धिबळाचा शेवटचा सामना, कॅन्टीनमध्ये. मी आणि टाइमकीपर. जिंकेल तो विभागाच्या सामन्यांना जाणार. माईकवर बस पुकारणारी बाई इथवर पोचली म्हणून अख्खं वर्कशॉप हात पुसत बघायला आलेलं. हे सगळ्यांत पुढे, माझ्या खांद्याशी. हेड फिटर आहेत, आणि डेपोतल्या निम्म्या लोकांना खेळ ह्यांनी शिकवलाय, म्हणून सगळे उस्ताद म्हणतात. मलाही लग्नानंतर ह्यांनीच शिकवला.

माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. माझा वजीर पटावर होताच. एका राजाला एकच वजीर, हे पहिल्या दिवसापासून घोकवलेलं. म्हणून मी मेलेल्या सोंगट्यांतला घोडा उचलला. टाइमकीपरनं माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि पुढची चाल केली. घोडा काही कामाला आला नाही. थोड्या वेळानं माझा राजा कोपऱ्यात.

डाव संपल्यावर टाइमकीपर म्हणतो, "वहिनी, दुसरा वजीर का नाही घेतलात? मी तर डाव सोडायच्या बेतात होतो."

"एक आहे की पटावर."

"मग काय झालं? दोन चालतात. सोंगटी नसली तर हत्ती उलटा ठेवायचा, तो वजीर."

सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. कोणीतरी विचारलं, उस्ताद, तुम्हाला ठाऊक होतं?

ह्यांनी पुसलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाले, "होतं ना. पण बघ्यानं बोलायचं नसतं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांना! बायको हरत होती तरी तोंड उघडलं नाही, याला म्हणतात खेळाडू.

रविवार, ९ फेब्रुवारी

आजपासून या वहीत 'हे' बंद. उस्ताद म्हणणार, जगासारखं. 'हे' म्हणायला माणूस आपला लागतो.

भाजी चिरता चिरता विचारलंच. म्हटलं, कॅन्टीनमध्ये तुम्ही बघे होतात, मान्य. घरी कोण होतात? एकच वजीर म्हणून मला कोणी शिकवलं?

"घरचा खेळ वेगळा असतो," म्हणाला, आणि नळाचा वायसर बदलायला गेला. नळ गळत नव्हता.

म्हणजे इतकी वर्षं रोज जेवण झाल्यावर पट मांडायचा, माझं प्यादं मरतमरत शेवटच्या घरात पोचायचं, आणि हा माणूस गालातल्या गालात हसत मला घोडा घेऊ द्यायचा. जिंकायची केवढी ती हौस! गेल्या महिन्यात एकदाच मी जिंकले. त्याचं प्यादं पोचून घोडा झाला होता, तरी जिंकले. तर दोन दिवस तोंड फुगवून बसला होता.

पट उचलला आणि कपाटावर टाकला. पार मागे, गाद्यांच्या पलीकडे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज कॅन्टीनमध्ये पुन्हा तोच विषय. टाइमकीपर म्हणे, बघ्यानं बोललं की खेळ नासतो. मी म्हटलं, चाल सांगितली तर नासतो. नियम सांगितला तर कसा नासेल? चाल माझी मला सुचायला हवी. नियम काय डोकं खाजवून सुचणार आहे?

आणि तुम्ही बोलला नाहीत ते तुमच्या फायद्याचं होतं, हेही म्हटलं.  त्यानं माझा चहाचा कप धुऊन ठेवला, एरवी ठेवत नाही.

दुपारी एक म्हातारी भलत्याच बसमध्ये चढली. मी काचेतून बघत होते. तिच्या पिशवीवरची गावाची चिठ्ठी दिसत होती. माईकवरून ओरडले, आजी उतरा, तुमची गाडी पलीकडची! बघ्यानं बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले असते तर? उस्तादाला हेच ऐकवायचं होतं. पण बोलणं बंद आहे ना.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताईला फोन केला. हसली. "बुद्धिबळावरून कोणी नवऱ्याशी अबोला धरतं का गं?"

तिला कळत नाहीये. सोंगटीचं दुःख नाही मला. जो माणूस रोज समोर बसून मला खेळात फसवू शकतो, तो आणखी कशाकशात फसवत असेल? काल त्याला उशीर झाला. म्हणाला, गिअरबॉक्स उतरवत होतो. आधी मी विचारसुद्धा केला नसता. काल मी त्याचे हात बघितले, ग्रीस आहे का म्हणून. होतं. तरी मनात किंतु राहिलाच. असं जगायचं का आता?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टाइमकीपर विभागाच्या सामन्यांना गेला. त्याची गाडी मीच पुकारली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

डेपोतले जुने वायरमनकाका भेटायला आले होते. रिटायर झाल्यापासून पाय लागला नव्हता त्यांचा. माझ्या माईकच्या खोलीत चहा घेतला. माझ्या तोंडून सगळं भडाभडा निघालं. एकच वजीर, टाळ्या, सगळं.

काका बशी खाली ठेवून हसायला लागले. "उस्ताद? अगं पोरी, त्याला कुठलं ठाऊक असायला! आमच्या वेळचा शेवटचा सामना. तो आणि मी. त्याचा वजीर पटावर, प्यादं शेवटच्या घरात, आणि गड्यानं उचलला घोडा. वीसेक माणसं बघत होती. एकानंही तोंड उघडलं नाही. मी कशाला उघडू, मी जिंकत होतो. नंतर सांगेन सांगेन म्हणता राहूनच गेलं."

मला गेल्या महिन्यातला डाव आठवला. तेव्हा वजीर पटावर असताना त्यानंही घोडाच घेतला होता, आणि माझ्याकडून हरला होता. ठाऊक असतं तर हरला असता? ज्याला जिंकायची एवढी हौस!

इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही हे?

म्हणजे नियम त्याला माझ्याबरोबरच कळला. त्याच मिनिटाला, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांच्या देखत. आणि दगाबाज ठरला तरी चालेल, बायको तोंड फिरवून झोपली तरी चालेल, पण 'मला ठाऊक नव्हतं' एवढं म्हणवेना त्याला. निदान मला एकटीला तरी त्यानं सांगायचं होतं. नऊ दिवस मी जळत होते आणि हा शेजारी बसून बघत होता. हे मला जास्त लागलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पट खाली काढला. पुसला. मांडला.

डावाच्या मध्यावर मी म्हटलं, "अहो, राजाला एकदा शह बसला की पुढे किल्लेकोट करता येत नाही, हेही तुम्ही मला चुकीचं शिकवलंत. मी नियम वाचले काल. राजा न हलवता शह टळला, तर नंतर त्याला हत्तीच्या आडोशाला नेता येतं."

ह्यांचा हात पटावर तसाच राहिला. कान लाल झाले.

"ठाऊक होतं मला," हे म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "चाल करा."