कोपऱ्यातली माशी

प्रिय हुकूमशहा ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, तुरुंगात नाही, गुपचूप लग्नबिग्नही केलेलं नाही. मेसेज सोडून कागदावर का लिहितोय ते शेवटी सांगतो, आणि आधी शेवट वाचायला पळू नकोस, तुझी ती खोड मला माहितीये. अक्षराला नावं ठेवायची नाहीत. बारावीला दोनदा धडकून परत आलेल्या माणसाचं अक्षर आहे, त्याची ऐपत तेवढीच. विषय एकच, तुझा मॉनिटर. नव्या जागी जाताना कॉम्प्युटर बरोबर घेतलास, हे धूड काही बॅगेत मावेना, म्हणून मागे ठेवून गेलीस. वर हुकूम सोडलास, गिऱ्हाईक बघ, विकून टाक, टेबल मोकळं कर आणि माणसासारखं बसून जेवत जा. टेबल काही मोकळं झालं नाही, मी ओट्याशी उभा राहून भांड्यातूनच खात राहिलो. दर रविवारी तुझा मेसेज येतो, "विकला का?" मी लिहितो, "नाही गं, पळालं गिऱ्हाईक." तू लिहितेस, "बरं." झाला रविवार. तर गिऱ्हाइकं का पळतात याचा हा सविस्तर अहवाल.

पण आधी तो घेतला तो दिवस आठव. तू दुकानात आलीस ती नाक वर करूनच, भाऊ कामाला आहे त्या दुकानात वस्तू घ्यायची म्हणजे जणू उपकार. मालकांनी आपला नेहमीचा साधा मॉनिटर पुढे केला आणि मी मागून डोळे मिचकावून तुला तो ओलेड दाखवला. दोन्हीवर काळा रंग लावला. साध्यावरचा काळा म्हणजे धुऊन धुऊन विटलेली पँट, कारण त्याच्या मागे दिवा चालूच असतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा, काळा हवा असेल तर तो सरळ विझतो. तू म्हणालीस, "अय्या, बंद पडला की काय?" मालक चिडले. "अहो ताई, याच्या नादी लागू नका. टीव्हीला ठीक, चित्र हलत असतं. मोबाइलला ठीक, माणूस खिशात टाकतो. टेबलावर याचं काही खरं नाही. टेबलावरचा माणूस तेच ते दिवसभर उघडून बसतो." मी म्हटलं, मालक, तुम्ही रंगीत टीव्हीलाही असंच म्हणाला असाल. गिऱ्हाइकांसमोर माझा कान पिरगाळला त्यांनी. आणि तू, माझा कान लाल झालेला बघून, हसता हसता तोच घेतलास.

आता पहिलं गिऱ्हाईक. केस वाढवलेला, गेम खेळणारा पोरगा. दुकानातून एक मोडका कॉम्प्युटर आणून मी मॉनिटर चालू करून ठेवला होता. त्याने खोलीत आल्या आल्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला, म्हणाला, "दादा, पूर्ण करडा रंग लाव." लावला. आणि ताई, तू दिसलीस. म्हणजे तुझं काम दिसलं. खाली ती पट्टी, डावीकडे तुझ्या हत्यारांची उभी रांग, उजवीकडे थरांची यादी, सगळं पुसट पुसट, चादरीवर घडीच्या रेषा राहतात तसं. पोरगा म्हणाला, "बर्न झालाय हा, दादा. कोणी वापरला एवढा?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने, जगातल्या सगळ्या चपला-बुटांचे आणि कपबश्यांचे फोटो कापून पांढऱ्यावर चिकटवायचं कंत्राट तिच्याकडेच होतं. तो हळहळून निघून गेला. तो आपला आपण गेला हं, त्यात माझा हात नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणतील "बघ, मी सांगत होतो," म्हणून दोन्ही कान झाकूनच उभा राहिलो. त्यांनी एकच विचारलं, "रात्री बंद कसा करायची?" कसा म्हणजे? आईसारखा. उठलं की भिंतीवरचं बटण खटकन खाली. आई गेली, पण तिचं ते "बाहेर पडताना सगळी बटणं बंद" तुझ्या बोटात राहिलंय. मालक म्हणाले, तिथेच घात झाला. हा मॉनिटर आपण काम थांबवलं की मागे हळूच स्वतःची निगा राखतो, कुठला ठिपका किती झिजला ते बघून सगळे सारखे करतो. त्याला वीज लागते. तुम्ही रोज त्याला वाढलेल्या ताटावरून उठवत होता. मला एवढं हसू आलं, आणि मग आलंच नाही. आई असती तर म्हणाली असती, मेल्याला अजून वीज हवी कशाला, झोपलाय ना?

दुसरं गिऱ्हाईक विमावाले काका. डागांचं त्यांना काही नव्हतं, किंमत पाडून मागत होते आणि जवळजवळ घेतच होते. मी अगदी तोंड पाडून म्हटलं, काका, तुम्ही दिवसभर तेच तक्ते उघडणार, वर्षभरात ते कायमचे बसतील, मग नव्या माणसाच्या नावाखाली आधीच्या माणसाचं नाव दिसायला लागेल. काका म्हणाले, "आधीचा वारलेला असला तर?" मी नुसती मान हलवली. चहा अर्धा टाकून गेले. तिसरे नवरा-बायको, लग्नाचे फोटो काढणारे. नवऱ्याला फार आवडला. तेव्हा मी काय केलं, तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो एकदम फिका करून करड्या पडद्यात मिसळून ठेवला, हळूहळू उमटायचा आणि विरायचा. त्या फोटोत तू तशीही परलोकातून आल्यासारखी दिसतेस. बायको किंचाळली, नवरा म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, काही नाही, आधीची मालकीण. जिना उतरताना बाईंची चप्पल सुटली तरी त्या थांबल्या नाहीत. चप्पल नंतर मीच गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन दिली.

आता तू कपाळाला हात लावला असशील. किड्या, तूच पळवतोयस की रे सगळ्यांना! थांब, पुढे वाच.

तू गेल्यावर मी टेबलाच्या तुझ्या बाजूला बसायला लागलो. एरवी तिकडे यायची बंदीच होती मला. मॉनिटरची पाठ खोलीकडे, तोंड भिंतीकडे, आणि मध्ये तू, सीमेवरच्या शिपायासारखी. बंदी कशामुळे, आठवतं ना? माशी. मी तुझ्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात ती चित्रातली काळी माशी बसवली होती. काहीही उघडलं तरी ती सगळ्याच्या वर बसून राहायची. तू आधी हाताने हाकललीस, मग पदार्थ झाकायची जाळी आणलीस, मग वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन एवढ्या महागाच्या वस्तूवर धावलीस, आणि मी दारामागे लोळत होतो. मग तीच गुंडाळी माझ्या पाठीत. त्या संध्याकाळी मी विचारलं, माशी आहे का गं? तू म्हणालीस, "केव्हाच काढली. मी तुझ्यासारखी रिकामटेकडी नाही." मला वाटलं, झालं, ताई मोठी झाली, आता हिला असलं काही आवडत नाही. नंतर मी तुझ्यावर फारशा खोड्या केल्याच नाहीत, तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

कामावरून आलो की खोलीत नळाशिवाय कोणी बोलत नाही. वरच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं की मला बरं वाटतं. मी एकटाच स्वतःवर खोड्या करून पाहिल्या, साखरेच्या डब्यात मीठ भरलं आणि दोन दिवसांनी विसरून चहात घातलं. फसलो, पण हसायला कोणी नव्हतं, नुसताच चहा ओतून दिला. मग आपला करडा रंग लावायचो आणि बघत बसायचो. ही ताईची पट्टी. इथे ताई हत्यार बदलायची. त्या पोराने पहिल्यांदा करडा लावायला सांगितला तेव्हाच मला उजव्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं होतं, पण तेव्हा मी बोललो नाही, आणि आत्तापर्यंत तुलाही सांगितलं नव्हतं. तिथे माशी आहे, ताई. काळी नाही, उजळ. दिवसभर तू पांढऱ्यावर काम करायचीस, ते सगळे ठिपके जळून जळून झिजले. माशीच्या खालचे तेवढे कधी पेटलेच नाहीत, म्हणून ते कोरे करकरीत राहिले. सहा पाय, दोन पंख, मोजून घे. असं एका दुपारीत होत नाही. त्याला रोज ती तिथे बसलेली लागते, तू जाईपर्यंत. काढली म्हणालीस आणि काढलीच नाहीस. खोटारडी!

आता शेवटचं गिऱ्हाईक. हे एक आजोबा, काठी टेकत आले, जिना चढून धापा टाकत होते. मी डाग दाखवले. म्हणाले, "डोळ्यात मोतीबिंदू घेऊन फिरतोय, मला डाग काय दाखवतोस?" मी विचारलं, करणार काय याचं? तर बुद्धिबळ. त्यांचा धाकटा भाऊ लांब कुठेतरी असतो. दोघं कॉम्प्युटरवर रोज एकेक चाल खेळतात, हे सकाळी, तो संध्याकाळी. मी माझं हुकमी पान काढलं. म्हटलं, आजोबा, मग तर नकोच, रोज तोच पट उघडा ठेवाल तर चौसष्ट घरं कायमची छापली जातील. ते म्हणाले, "जाऊ देत की. मला दुसरं काय बघायचंय?" मग सहज विचारलं, कोण जिंकतं? म्हणाले, "कोणाला पडलीय? आम्हा दोघांना बोलायला काही सुचत नाही रे. चाल आली की कळतं, उठलाय." आणि एवढ्यात त्यांना कोपऱ्यातली माशी दिसली. काठी खाली ठेवली, दबा धरला आणि फाडकन तळहात मारला. माशी तशीच. पुन्हा मारला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि असे हसले, असे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि मीही हसलो. किती दिवसांनी त्या खोलीत दोन माणसं हसली. त्यानंतर त्यांना पळवणं काही मला जमलं नाही. म्हटलं, माशी काढता येणार नाही हं. ते म्हणाले, "काढलीस तर घेणार नाही."

काल संध्याकाळी नेला. तुझ्या जुन्या शालीत गुंडाळून मीच पोचवला, जोडून दिला आणि बजावलं, भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, झोपेत त्याला त्याचं काम करू द्यायचं. विकल्याचं मालकांनाही सांगितलं. त्यांनी आता दुकानात दोन ओलेड मांडलेत, बरं का, काचेजवळ, एकदम समोर. म्हणतात, नवे शहाणे आहेत, चित्र गुपचूप केसभर सरकवत राहतात, एकाच जागी काही बसू देत नाहीत. अजून पाच-सहा वर्षांत प्रत्येक टेबलावर हाच असेल आणि त्यावर कशाचाच माग राहणार नाही. चांगलंच आहे. धंद्याला चांगलंच आहे.

तर हे पत्र त्याच मोकळ्या टेबलावर लिहितोय, बसून, तुझ्या बाजूने. जेवलोही इथेच, हुकूम पाळला. आता कारण. उद्या रविवार. तू विचारशील, "विकला का?" मी "विकला" म्हटलं की तुझं काम संपलं, मग तू पुढच्या रविवारी काय विचारशील ते मला काही सुचेना. गिऱ्हाइकं मी त्यासाठीच पळवत होतो गं. मॉनिटर कोणाला हवाय, मला तो मेसेज हवा होता. नव्या जागी तुला मान वर करायला फुरसत नाही, मला कळतं, मी रागावलेलो नाही. पैसे तुझ्या खात्यात टाकले असते तर तुला लगेच कळलं असतं, म्हणून आईच्या पैशांच्या डब्यात ठेवलेत. आणि ही बातमी मुद्दाम पोस्टाने पाठवतोय, तेही साध्या, कारण पोस्टमन माझ्यासारखाच, त्याला कसली घाई नसते. हे तुझ्या हातात पडेपर्यंत तुझे एक-दोन "विकला का?" मला अजून मिळतील, आणि मी निर्लज्जपणे लिहीन, "नाही गं, पळालं." ही शेवटची खोडी. वाचून झाल्यावर गुंडाळी घेऊन धावत येता आलं तर ये, माझी पाठ इथेच आहे. नाहीतर पुढच्या रविवारपासून दुसरं काहीतरी विचारत जा. काहीही चालेल. जेवलास का, एवढंही चालेल.

तुझाच, कोपऱ्यात बसलेला,
किड्या